मालावर पाय ठेवायचा नाही

संत्र्याची साल नखाने जरा दाबली की जो बारीक फवारा उडतो, तो डोळ्यात गेल्यावर काय होतं हे मला चालता यायच्या आधीपासून ठाऊक असावं. आम्ही बागवान. नावात बाग, पण स्वतःच्या मालकीचं एक झाडही आमच्या घराण्यात कुणाचं नव्हतं. अब्बा कळंब-राळेगावकडच्या शेतकऱ्यांच्या बागा झाडावरच ठरवून घ्यायचे, फळ पिकलं की तोडायचे आणि मेटॅडोरमध्ये भरून नागपूरच्या मंडीत न्यायचे. घर कळंबला, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका बोळात. थंडीत उतरणाऱ्या आंबिया बहराच्या दिवसांत घराचं अंगण आमचं राहत नसे. एका कोपऱ्यात वाळल्या गवताची गंजी, दुसऱ्यात पोत्यांचा ढीग, मधे दगडावर कातरींना धार लावण्याचा खर्र खर्र आवाज आणि चुलीपाशी अम्मी भाकरी थापायची त्याचा आवाज. तोडणाऱ्या आठ माणसांच्या ज्वारीच्या भाकरी, वर मिरचीचा ठेचा, कधी पातोडीची भाजी. आम्हा घरच्यांच्या वाट्याला हंगामभर संत्री यायची ती दबलेली नाहीतर फुटलेली. अम्मी त्यांचा चांगला भाग कापून द्यायची आणि आम्ही तो उभ्याउभ्या खायचो. कुणी अख्खं फळ उचलून सोलायला घेतलं तर अब्बा काही बोलत नसत, फक्त बघत. तेवढं पुरायचं.

तोडणाऱ्यांचा म्होरक्या देवराव. मारेगावकडच्या एका कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे पाड्यावरचा, चाळिशी ओलांडलेला, बुटका, हात मात्र अंगापेक्षा लांब. (इथे खरं तर ‘ते’ लिहायला हवं. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा माणूस. पण तेव्हा आमच्या घरात सगळे त्याला ‘तो’च म्हणायचे, मीही म्हणायचे, आणि आता म्हातारपणी आदर दाखवून काय उपयोग.) समोर मात्र मी त्याला देवरावकाका म्हणे, आणि तो मला मी पाच वर्षांची असल्यापासून ‘बाई’ म्हणत असे. आमच्याकडच्या तोडणाऱ्यांपैकी काही जण आमच्या चुलीवरचं खात नसत, स्वतःची शिदोरी आणत. देवराव अंगणात मांडी घालून बसायचा, अम्मीच्या हातची भाकर तारीफ करत खायचा आणि ताट स्वतः घासून ठेवायचा. फळाला हात लावावा तर त्याने. ओढून तोडलं की देठाजवळची साल निघते आणि सड तिथूनच सुरू होते, म्हणून तो कातरीने देठ अगदी साफ कापायचा. सकाळी दहिवर वाळेपर्यंत कुणालाही झाडाला शिवू द्यायचा नाही. अब्बांना घाई असली तरी नाही. मला एकदा म्हणाला होता, “ओल्या संत्र्याले हात लावला तं थो रुसते, बाई. आज नाई दिसत. तिसऱ्या दिवशी तोंड काळं करते.” पुढे कधीतरी एका पुस्तकात वाचलं की दवाने फुगलेली साल दबली की तिच्यातलं तेल बाहेर येऊन तिलाच जाळतं. देवरावला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण हे येत होतं.

एवढ्या जपणुकीने तोडलेलं फळ पुढे मेटॅडोरमध्ये कसं जायचं, ते सांगितलं तर आजची मुलं हसतील. टोपल्यांनी उचलायचं आणि ओतायचं, बस्स. खाली थोडं गवत, वर संत्र्यांचा डोंगर, डोंगरावर पोती आणि पोत्यांवर देवराव. मालासोबत माणूस हवाच, दोर ढिला झाला तर आवळायला, मंडीत उतरवून घ्यायला. केबिनमध्ये ड्रायव्हर राजूभाऊ, त्याच्या शेजारी अब्बा, आणि अब्बांच्या शेजारी नमुन्याची पेटी. ती पेटी म्हणजे त्या बागेतली वेचून काढलेली उत्तम फळं. अडत्यापुढे आधी ती उघडायची असा अब्बांचा रिवाज होता, म्हणून तिला धक्का लागू द्यायचा नाही. देवराव वर पोत्यांवर आडवा व्हायचा आणि तोंडात सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा टाकून चार तासांत नागपूर गाठायचा. मंडीत पोचेपर्यंत तळातल्या फळांचा लगदा झालेला असे, मेटॅडोरच्या फटींतून रस गळत असे आणि त्यावर माश्या. अब्बा म्हणायचे, “फळ हाय. थोडं तं मरणारच.”

मला ते पटत नसे. मी तेव्हा बारावी झालेली, सायन्स घेऊन, जीवशास्त्रात तालुक्यात पुढे. शेतकीच्या कॉलेजला जायचं होतं. अब्बांनी नाही म्हटलं नाही, पण अर्ज भरायची तारीख निघून जाऊ दिली. मी आठ दिवस कुणाशी बोलले नाही. नवव्या दिवशी अब्बा म्हणाले, “घरीच एवढे संत्रे हाय, त्याइचाच अभ्यास कर ना.” त्यांनी ते चेष्टेत म्हटलं होतं. मी मनावर घेतलं. माझ्या अंगातली ती खुमखुमी अजून गेलेली नाही, घरचे सांगतील.

मी काय केलं, तर फाउंटन पेनने संत्र्यांच्या देठाजवळच्या सालीवर शाईचे टिपके दिले. तळात जाणाऱ्या फळांना एक, मधल्यांना दोन, अगदी वरच्यांना तीन. प्रत्येकी चार. देवरावला सांगितलं की माल उतरवताना ही बारा फळं बाजूला काढायची आणि मला परत आणून द्यायची. तो खूश झाला. वाचता येत नसलं तरी टिपके मोजता येत होते. पहिल्या खेपेची बारा फळं त्याने दुपट्ट्यात बांधून आणली आणि अंगणात माझ्यापुढे एकेक ठेवली. तळातली मेलेली होती, ते अपेक्षितच होतं. मधली चारही चांगली. पण नवल वाटलं ते वरच्यांचं. त्यांच्यावर दुसऱ्या फळांचं वजन काहीच नव्हतं, तरी त्यांची साल घासलेली, एक तर एका बाजूने चपटं झालेलं. त्या चपट्या फळावर पांढरा, बोटाएवढा चुन्याचा डाग होता. खर्ऱ्याचा चुना. मी ते फळ हातात फिरवलं, वास घेतला, डोळे मिटले आणि म्हटलं, “काका, पोतं सरकलं आणि तुम्ही नेमके याच फळावर टेकून झोपला होता ना?”

देवरावच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मला झालेला आनंद आज आठवला तरी माझी मलाच शिसारी येते. तो म्हणाला, “तुले कसं समजलं?” डाग दाखवला असता तर दोघं हसलो असतो. मी दाखवला नाही. अंगठ्याने तो हळूच पुसून टाकला आणि म्हटलं, “संत्र्यातून दिसतं मला.” अब्बा ओसरीवर बसून हे बघत होते. ते म्हणाले, “ये लडकी संत्रे तपासून राह्यली का आमाले?” सगळे हसले. देवराव हसला नाही. दुसऱ्या दिवशी बागेत तो तोडणाऱ्यांना सांगत होता, “नीट हात लावा रे बाबू. बाईले संत्र्यातून दिसते.” मी ते झाडाआडून ऐकलं आणि पुढे जाऊन खुलासा केला नाही. गावात मला हुशार म्हणत. ते ऐकून घ्यायची मला सवय होती.

त्यानंतर मी अब्बांच्या मागे लागले. तळाला वीतभर गवत हवं. मेटॅडोरच्या दोन्ही अंगांना लाकडी पट्ट्या ठोकून मधे फळ्यांचा माळा करायचा, म्हणजे वरच्या थराचं ओझं खालच्यावर यायचं नाही. ओतायचं नाही, टोपलीतून हाताने लावायचं. सगळ्यात वर पुन्हा गवत, त्यावर पोती आणि त्यावर जाळी घट्ट ताणून बांधायची, म्हणजे रस्त्याच्या धक्क्यांनी वरची फळं नाचणार नाहीत. राजूभाऊने गाडी हळू चालवायची. आणि मालावर कुणी बसायचं नाही. मालावर पाय ठेवायचा नाही. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. अब्बा म्हणाले, “मंग देवराव कुठं बसल?” मेटॅडोरच्या मागे फाळक्याबाहेर एक लोखंडी पायरी होती, चढायउतरायची. मी म्हटलं, तिथे उभं राहता येईल, धरायला साखळी आहे. चार तासांचाच तर रस्ता आहे. देवराव तिथेच उभा होता. तो लगेच म्हणाला, “जमते ना भाई. मले काय, कुठंही जमते.” केबिनमधली पेटी मांडीवर घेतली तर तिथे एक माणूस बसतो, हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. पेटीची जागा पेटीची होती. वर्षानुवर्षं होती.

पहिल्या तीन खेपा सुरेख झाल्या. तळातलंही फळ जसंच्या तसं. अब्बा बोलून दाखवणारे नव्हते, पण तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी अम्मीला सांगून माझ्यासाठी शेवयांची खीर करवली. देवराव प्रत्येक वेळी दुपट्ट्यातून बारा फळं आणायचा आणि मी निरखत असताना समोर उकिडवा बसून राहायचा. मी “छान” म्हटलं की तो श्वास सोडायचा. तिसऱ्या वेळी मी पाहिलं, त्याच्या दोन्ही तळव्यांवर साखळीचे वळ होते. “हात दुखतात का काका?” मी विचारलं. “थंडीनं बधिर होते थोडे,” तो म्हणाला, “दुपट्टा गुंडाळून घेतो ना मी.” मी त्याला अम्मीकडून हळद-तेल आणून दिलं आणि पुन्हा संत्री बघायला लागले.

आता सगळं बदललं आहे. माझा भाचा हाच धंदा करतो, प्लास्टिकचे क्रेट, धुवायचं यंत्र, वर मेणाचा हात, सगळं आहे. परवा त्याच्याकडे एक तरुण अधिकारी आला होता आणि वाहतुकीतलं नुकसान कसं कमी करावं हे शेतकऱ्यांना समजावत होता. गवत, थर, जाळी, हळू चालवणं, सगळं बरोबर सांगत होता. वरच्या थरालाच धक्के जास्त बसतात, हेही त्याने सांगितलं आणि लोकांना नवल वाटलं. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मालासोबतचा माणूस कुठे बसतो, असं मी मधेच विचारलं. त्याला प्रश्न कळला नाही. भाचा म्हणाला, “खाला, चाय लेती क्या?”

चौथी खेप राळेगावच्या अलीकडच्या एका बागेतली. त्या दिवशी दहिवर दाट होतं, उन्हं वर यायला वेळ लागला, तोडणी उशिरा सुरू झाली. देवराव झाडाखाली बसून होता, अब्बा घड्याळ बघत होते, पण त्याने कातरीला हात लावू दिला नाही. मग मधे न थांबता तोडणी झाली. मी त्या दिवशी बागेत होते, माल माझ्या हाताने लावून घेतला, जाळी ताणली, टिपके दिले. देवराव उन्हं आल्यापासून झाडावर हात वर करून राबलेला. दुपारी तीनच्या सुमारास मेटॅडोर निघाला. तो मागच्या पायरीवर चढला, साखळीला दुपट्टा गुंडाळला आणि मला म्हणाला, “आज पाह्यजो बाई, एकही दबत नाई.” मी हात केला. मला तेव्हा फक्त फळांची काळजी होती.

पुढचं मला राजूभाऊने सांगितलं, अब्बांनी नाही. अब्बा त्याविषयी मरेपर्यंत बोलले नाहीत. राळेगाव ओलांडल्यावर एका टपरीवर ते चहाला थांबले. वारा बोचरा होता. देवरावला कप धरता येत नव्हता, बोटं वळत नव्हती. राजूभाऊ त्याला म्हणाला, “अबे, वर चढून झोप ना. कोन पाह्यते इथं?” देवराव म्हणाला, “बाई पाह्यते. तिले संत्र्यातून दिसते.” राजूभाऊला वाटलं थट्टा करतो आहे. तो हसला आणि गाडी काढली. वर्धा नदीच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. गाडी हळूच होती, माझ्या सांगण्याप्रमाणे, पण मागचं चाक एका खड्ड्यात उतरून वर आलं. आत माल हलला नाही, आवाज झाला नाही. मैलभर पुढे गेल्यावर एका मोटारसायकलवाल्याने आडवं येऊन हात केला, तेव्हा त्यांना कळलं की मागे माणूस नाही.

ते परत फिरले. देवराव रस्त्याकडेच्या गिट्टीवर पडलेला होता, डोकं फुटलेलं, श्वास चालू. त्याला दवाखान्यात न्यायचं तर ठेवायचं कुठे? केबिनमध्ये आडवं करता येत नव्हतं. मग त्या दोघांनी आणि मोटारसायकलवाल्याने मिळून त्याला उचललं आणि जाळीवर, पोत्यांवर, मालावर ठेवलं. अब्बा चपलांसकट वर चढले आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दवाखाना यायच्या आत तो गेला. अब्बा तिथेच थांबले आणि माल सडेल म्हणून राजूभाऊला त्यांनी पुढे पाठवलं. असं कसं पाठवलं, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. पण अब्बांच्या हाताला दुसरं काही करता येत नव्हतं. फळ तोडलं की पोचवायचं, एवढंच त्यांना येत होतं.

राजूभाऊ तिसऱ्या दिवशी कळंबला आला. अंगणात उभा राहून त्याने पिशवी माझ्यापुढे केली. आत बारा संत्री होती. देवराव नाही तर आपण आणावीत, असं त्या भल्या माणसाला वाटलं होतं. मग त्याने ते टपरीवरचं सांगितलं. सांगताना त्याला ठाऊक नव्हतं की तो काय सांगतो आहे. मी पिशवी ओट्यावर रिकामी केली. एक टिपका, दोन टिपके, तीन टिपके. बाराही फळं स्वच्छ होती, कुठे ओरखडा नाही. वरची चारसुद्धा. अम्मीने माझ्याकडे पाहिलं आणि ती फळं पदरात घेऊन आत गेली. तिने त्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही. चुन्याच्या डागाची गोष्ट मी तेव्हा राजूभाऊला सांगितली नाही, अब्बांना नाही, निकाह झाल्यावर नवऱ्यालाही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा इथे लिहिते आहे. एक बोटभर डाग दाखवला असता तर तो माणूस त्या दुपारी वर चढून झोपला असता, चार फळं दबली असती आणि तो घरी आला असता. याला दुसरा कुठला अर्थ मी आजवर लावू शकलेले नाही.

पुढच्या आठवड्यात अब्बा त्याच्या घरी जायला निघाले. मी म्हटलं, मी येते. त्यांनी नको म्हटलं नाही. एसटीने मारेगाव, तिथून पुढे पायी. अम्मीने ज्वारीचं पीठ, साखर, चहा असं बांधून दिलं होतं. पोडावर पोचलो तेव्हा उन्हं चढली होती, कोंबड्या फिरत होत्या, आणि दहाबारा घरांतली माणसं दारांशी येऊन नुसती उभी राहिली. देवरावची बायको भीमाबाई ओट्यावर बसली होती. काळी, सडपातळ, माझ्या अम्मीच्याच वयाची. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी त्याच्या घरी गेलंच नव्हतं. अब्बा खाली जमिनीवर बसले. ते टोपी काढून हातात फिरवत राहिले. मी पिठाची पिशवी पुढे ठेवली.

भीमाबाई माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “तूच का थे बाई? शाईच्या टिपक्यावाली?”

मी मान हलवली.

“थे सांगे तुह्याबद्दल,” ती म्हणाली. “म्हणे, तिच्यापुढं खोटं चालत नाई.” मग पुढे सरकून, इतरांना ऐकू जाऊ नये असं, तिने विचारलं, “शेवटी त्याले मालावर निजवलं म्हणते. त्यानं माल तं नाई दबला ना?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती हिशेब मागत नव्हती की टोमणा मारत नव्हती. तिला भीती होती. नवरा मेला होता आणि जाताजाता त्याने मोडलेल्या नियमाबद्दल कुणी त्याला नाव ठेवील, याची तिला भीती होती. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. चुना, अंगठा, संत्र्यातून काही दिसत नसतं, सगळं. अब्बा शेजारी मान खाली घालून बसले होते.

“नाही,” मी म्हटलं. “एकही नाही दबलं.”

“मंग त्याच्यावर बोल नाई ना कोनाचा?”

“नाही.”

तिने मान डोलावली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आम्ही लांबून आलो म्हणून आमच्यासाठी पाणी आणायला आत गेली.